बॉक्सर व्हॅनची कॅम्पर : शेफील्डमधल्या कामाच्या नोंदी

१८ जानेवारी २०२५

व्हॅन दारात आली. हिची आम्ही घरीच कॅम्पर करणार, म्हणजे आत झोपता आणि रांधता येईल अशी गाडी. प्यूजो बॉक्सर, २०१७ सालची, एल२एच२ मापाची (एल हा लांबीचा क्रमांक, एच उंचीचा), १ लाख १० हजार मैल चाललेली. आधीचं आयुष्य कुरिअरच्या कामात गेलेलं. जाहिरातीत किंमत ६,२०० पाउंड होती, पण खाली बारीक अक्षरात 'अधिक व्हॅट'. म्हणजे हातात पडेपर्यंत ७,४४०. धंद्यासाठी विकल्या जाणाऱ्या व्हॅनच्या किमती इथे इंग्लंडमध्ये अशाच लिहितात, तेव्हा बजेट मांडताना आधी हा २० टक्क्यांचा हिशेब करा.

व्हॅन धरून एकूण १२,००० पाउंडांत सगळं बसवायचं ठरवलं आहे. इतक्यात तयार कॅम्पर मिळतात, पण त्या बहुतेक वीस-वीस वर्षं जुन्या.

हीच व्हॅन का? बॉक्सर, फियाट डुकाटो आणि सिट्रोएन रिले ही एकाच सांगाड्याची भावंडं आहेत. त्यांच्या भिंती जवळजवळ उभ्या आणि आतली रुंदी १.८७ मीटर. इन्सुलेशन आणि प्लाय लावल्यावरही १.७५ च्या आसपास उरते. माझा नवरा ५ फूट ७ इंच, मी त्याहून कमी. आम्ही आडवे झोपू शकतो, आणि आडव्या पलंगाने ३.१२ मीटर लांबीतली सव्वा मीटरच जाते. तुमच्या घरात कोणी सहा फुटी असेल तर हे गणित बसणार नाही, मग लांबीत झोपायला जास्त लांब एल३ बघा.

युरो ६ इंजिनाचा, म्हणजे धुराच्या नव्या युरोपीय निकषात बसणाऱ्या इंजिनाचा, आग्रह मात्र सोडला नाही. शेफील्डमध्ये फेब्रुवारी २०२३ पासून क्लीन एअर झोन आहे, जुन्या डिझेल व्हॅनला शहराच्या मध्यात शिरायचे दिवसाला १० पाउंड पडतात. आणखी एक अट परवान्याची. १ जानेवारी १९९७ नंतर ज्यांनी कारची टेस्ट दिली त्यांना साडेतीन टनांपर्यंतच गाडी चालवता येते. म्हणजे आपण जवळपास सगळेच. वजनाची वही आजपासून उघडली.

२ फेब्रुवारी

आतली जुनी अस्तरं आणि जमिनीचा प्लाय काढला. प्लाय उचलला तर खाली पाणी. डाव्या चाकाच्या कमानीमागे पत्रा इतका खाल्लेला की स्क्रूड्रायव्हर दाबला आणि आरपार गेला.

गळती शोधायला नवरा छतावर होज धरून उभा राहिला आणि मी आत टॉर्च घेऊन. आधीच्या मालकाने शिडी ठेवायचा रॅक काढताना बोल्टची भोकं नुसत्या चिकटपट्टीने बुजवली होती. पाणी तिथून शिरायचं, छताच्या कमानीतून वाहत जायचं आणि तीन फूट लांब जाऊन खाली पडायचं. ओल दिसते तिथेच गळती असते असं नाही. चिपळूणला आमच्या कौलारू घरात हे लहानपणी शंभरदा पाहिलं आहे, तरी पहिला तासभर मी चुकीच्या कोपऱ्यातच शोधत होते.

आईला व्हिडिओवर दाखवलं. ती म्हणाली, "आधी शाकारणी, मग बाकीचं. आत रंगरंगोटी काय करायचीय ती नंतर कर." त्याप्रमाणे कामाचा क्रम बदलला. फर्निचरचं लाकूड आणायचं होतं ते रद्द.

कमानीला जवळच्या वेल्डरने पत्र्याचं ठिगळ लावून दिलं, १४० पाउंड. बाकीचा गंज तारेच्या ब्रशने खरवडला, त्यावर रस्ट कन्व्हर्टर (उरलेला गंज निकामी करणारं रसायन), मग झिंक प्रायमर, मग रंग. छताची भोकं कानसून, रंगवून, पॉलीयुरेथेन सीलंटने भरली. रंग आणि सामान ६० पाउंड. टायमिंग बेल्ट आणि सर्व्हिस गॅरेजमध्ये करून घेतली, ५२०. बेल्टचा आधीचा काही कागद नसेल तर हा खर्च टाळू नका. तुटला तर इंजिन जातं.

२२ फेब्रुवारी

इन्सुलेशन लावलं आणि दोन दिवसांत निम्मं खाली आलं.

आम्ही बंद पेशींचा रबरी फोम घेतला आहे, १९ मिलिमीटर जाडीचा, मागे गोंद असलेला. तोच का, ते थोडक्यात सांगते. व्हॅनचा पत्रा बाहेरच्या हवेइतकाच गार असतो. आत १८ अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता असेल तर साधारण १० अंशाला दव धरतं. म्हणजे इथल्या हिवाळ्यात पत्र्याला आतली हवा लागली की पाणी सुटणारच. लोकरीसारखं इन्सुलेशन भरलं तर हवा त्यातून पत्र्यापर्यंत पोचते आणि पाणी आतच मुरतं, मग लाकडामागे बुरशी. पत्र्याला घट्ट चिकटलेला फोम मध्ये हवाच ठेवत नाही. घट्ट चिकटलेला, हे मात्र त्यातलं मुख्य.

आणि तेच झालं नाही. त्या दिवशी बाहेर ५ अंश होतं. गोंदाच्या डब्यावर १० अंशांच्या वर लावा असं लिहिलेलं. आत हीटर चालू होता म्हणून हवा उबदार वाटत होती, पण पत्रा गारच. त्यात आमच्याच श्वासाची वाफ पत्र्यावर धरलेली, हात फिरवला तर बोटं ओली. ओल्या पत्र्यावर गोंद बसत नाही.

८ मार्च

आठवडाभर काम थांबवलं आणि मग उन्हाचा दिवस गाठला. सुटलेला फोम काढला, पत्र्यावरचा गोंदाचा चिकटा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढला. ज्या भागावर काम करायचं तेवढाच भाग हेअर ड्रायरने गरम करायचा, हाताला कोमट लागला की फोम लावायचा आणि वॉलपेपरच्या रोलरने मधून कडेकडे दाबत न्यायचा. वेळ खूप लागतो, पण आजचा फोम ओढला तर फाटतो, सुटत नाही.

उभ्या कमानींवरही १० मिलिमीटरचा पातळ थर लावला. कमानी उघड्या ठेवल्या तर थंडी तिथून आत येते आणि तेवढ्याच पट्ट्यांवर पाणी धरतं. फोम एकूण ३१० पाउंड. यात वाया गेलेले तीन शीट आले.

३० मार्च, गुढीपाडवा

सकाळी गुढी उभारली, साखरेच्या गाठी इथे मिळाल्या नाहीत म्हणून बत्ताशांची माळ घातली, आणि दुपारी चांगल्या पत्र्याला भोक पाडायला चढलो. पंख्यासाठी छतात ४० बाय ४० सेंटिमीटरचा चौकोन कापायचा होता. या कामाला हात लावायचं धाडस होत नव्हतं, मग मुहूर्तच धरला.

काम करण्याची रीत अशी. आतून चार कोपरे आखायचे, आतून बारीक ड्रिलने भोकं पाडायची आणि बाहेरून त्या खुणा जोडायच्या. मग चारही कोपऱ्यांना १० मिलिमीटरचं भोक आणि जिगसॉला पत्र्याचं पातं. जिगसॉच्या तळाला मास्किंग टेप लावा, नाहीतर छताच्या रंगावर ओरखडे उठतात. आतून भोकाखाली कचऱ्याची मोठी पिशवी टेपने चिकटवली होती, सगळा कीस तिच्यात पडला. बाहेर उडालेला कीस त्याच दिवशी ब्रशने आणि चुंबकाने उचला. लोखंडाचा कण रंगावर रात्रभर राहिला तर सकाळी तिथे तपकिरी ठिपका असतो.

कापलेली कड कानसून त्यावर प्रायमरचे दोन हात. ती वाळेपर्यंत पंखा बसवला नाही.

खरी अडचण पुढे आली. छत सपाट नाही, त्यावर उंचवटे आणि पन्हाळी आहेत. पंख्याची चौकट उंचवट्यांवर टेकते आणि पन्हाळीत बोट जाईल एवढी फट उरते. नुसतं सीलंट ओतून ती भरायचा सल्ला बरेच जण देतात. इतका जाड थर आतून नीट वाळत नाही आणि पुढे चिरतो. आम्ही पीव्हीसीच्या पट्ट्या पन्हाळीच्या आकाराला घासून बसवल्या, त्या सीलंटमध्ये रोवल्या, वर सलग सपाट पाया तयार झाला. त्यावर चौकट. दुसऱ्या दिवशी होजने पाणी मारलं, आत टिश्यू पेपर लावून ठेवले होते. सगळे कोरडे. पंखा १६५ पाउंड.

६ एप्रिल

दोन खिडक्या, एक सरकत्या दारात, एक तिच्या समोर. मागच्या अनुभवामुळे लवकर आटोपलं. काच चिकटवायचं काम मात्र दोघांचं आहे, एकट्याने करू नका. काच आणि पत्रा दोन्हीवर प्रायमर, मग त्रिकोणी तोंडाच्या नळीने पॉलीयुरेथेनची सलग उभी धार, मध्ये कुठेही न तोडता. काच टेकवली की रात्रभर टेपने बांधून ठेवायची. काचा आणि चिकटवायचं सामान मिळून ३००.

२० एप्रिल, ईस्टर

जमीन, भिंतीचे प्लाय आणि पलंग. चार दिवसांच्या सुट्टीत संपेल वाटलं होतं, मे उजाडणार.

सुतारकामाची सवय असलेल्यांसाठी सांगते, इथे गुण्या आणि पाणसळ दोन्ही पेटीतच राहू द्या, उपयोग नाही. गाडीत एकही काटकोन नाही, आणि शेफील्ड हे चढउतारांचं गाव, आमच्या ड्राइव्हवेलाच उतार आहे. प्रत्येक तुकड्यासाठी पुठ्ठ्याचा साचा करायचा. रिपा भिंतीच्या कमानीला लावून पुठ्ठा तिच्याकडे सरकवायचा, कंपासने वळण आखायचं, कापायचं, परत लावून बघायचं. पुठ्ठा बसला की मगच प्लायला करवत.

वजन कमी ठेवायला पॉप्लर प्लाय घेतला. १८ मिलिमीटरचा बर्च प्लाय चांगला दिसतो, पण आठ बाय चारचं एक शीट सुमारे ३६ किलो भरतं. भिंतींना ६ मिलिमीटर पुरतो, पलंगाच्या चौकटीला १५. प्लाय आणि रिपा ३४० पाउंड.

१० मे

वीज. १०० अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, छतावर सोलर पॅनल, त्याचा एमपीपीटी (पॅनलची वीज बॅटरीला जुळवून देणारा कंट्रोलर), आणि गाडी चालताना चार्ज व्हायला ३० अँपिअरचा डीसी टू डीसी चार्जर. युरो ६ गाड्यांचा अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज करणारा) इंधन वाचवायला मध्येच व्होल्टेज खाली आणतो, त्यामुळे जुन्या पद्धतीचा साधा स्प्लिट रिले, म्हणजे इंजिन चालू असताना दोन बॅटऱ्या नुसत्या जोडणारा स्विच, इथे पुरत नाही. बॅटरी पलंगाखाली, इन्सुलेशनच्या आत ठेवली आहे, कारण शून्य अंशाखाली ही बॅटरी चार्ज करायची नसते. मुख्य फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून हातभर अंतरात. फ्यूजच्या अलीकडची वायर घासली गेली तर तिला वाचवणारं काहीच नसतं.

वायर, बसबार (अनेक वायरी एकत्र जोडायची पट्टी), फ्यूजबॉक्स धरून ८९०. अंदाजापेक्षा २०० वर गेलं, आणि ते सगळे वायरी, त्यांच्या टोकांचे लग आणि ते दाबून बसवायच्या क्रिंपरमध्ये.

२४ मे

सेकंडहँड कॉम्प्रेसर फ्रीज, १८० पाउंड. सुरू होतो, दोन मिनिटं गुरगुरतो, बंद पडतो. विकणाऱ्याने फसवलं असं वाटून नवऱ्याने त्याला फोन लावायची तयारी केली. मी आधी मल्टिमीटर लावला. बॅटरीवर १३.१ व्होल्ट, फ्रीजच्या टोकाला १२.५, आणि कॉम्प्रेसर उचल घेताना त्याहून बराच खाली. फ्रीज चांगला होता, वायर बारीक होती.

हिशेब असा. बॅटरी ते फ्रीज पाच मीटर, परतीची वायर धरून दहा. १.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरचा रोध मीटरला साधारण ०.०१२ ओम, म्हणजे दहा मीटरला ०.१२. पाच अँपिअर वाहिले की ०.६ व्होल्ट वाटेतच संपतात. घरच्या २३० व्होल्टांत ०.६ कोणाला कळणारही नाही, १२ व्होल्टांत तो पाच टक्के. ६ चौरस मिलिमीटरची वायर टाकली, घट ०.१५ वर आली, फ्रीज तेव्हापासून चालू आहे. त्यासाठी लावलेला एक प्लाय मात्र उतरवावा लागला. भिंती बंद करण्याआधी प्रत्येक उपकरण पूर्ण भाराने चालवून बघा.

१४ जून

गॅस. यात पैसे वाचवायला गेलो नाही. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीवर साचतो आणि झोपायची जागाही तिथेच वर. टाकीसाठी घट्ट बंद होणारी पेटी, तिच्या तळातून थेट गाडीखाली उघडणारं भोक, आणि त्या भोकाच्या आसपास एक्झॉस्ट नको. पेटी आम्ही केली. पाइप, रेग्युलेटर, जोडणी आणि गळतीची चाचणी अशा गाड्यांचं काम करणाऱ्या, गॅस सेफ या गॅसकामाच्या अधिकृत यादीत नोंद असलेल्या माणसाकडून. शेगडीसकट ४१० पाउंड, आणि हातात प्रमाणपत्र. ब्युटेन नको, प्रोपेन घ्या. ब्युटेन शून्याच्या आसपास वायूरूप व्हायचं थांबवतो, ऐन थंडीत चहाच होणार नाही.

शेगडी सरकत्या दाराशेजारी ठेवली आहे, म्हणजे दार उघडं ठेवून फोडणी देता येते. पहिल्याच दिवशी सुक्या मिरचीच्या फोडणीने धुराचा अलार्म वाजला. तो आता पलंगाच्या टोकाला हलवला आहे. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वेगळा, तो जागच्या जागी.

२८ जून

गाडी वजनकाट्यावर नेली. डिझेल, पाणी, गॅस, भांडी भरून आणि आम्ही दोघं बसून २,६९० किलो. साडेतीन टनांना भरपूर जागा आहे. पण पुढचा आणि मागचा ॲक्सल वेगळा मोजून घ्या, सगळं सामान मागे गेलं तर एकूण वजन बसूनही मागचा ॲक्सल हद्दीबाहेर जाऊ शकतो.

१६ ऑगस्ट

डीव्हीएलएचं, म्हणजे इथल्या वाहन नोंदणी खात्याचं, उत्तर आलं. 'मोटर कॅराव्हॅन' म्हणून नोंद बदलायला आम्ही व्ही५सी (गाडीचं नोंदणीपत्र), यादी आणि फोटो पाठवले होते. आतल्या सगळ्या अटी पुऱ्या होत्या: बसायची जागा आणि टेबल, झोपायची सोय, पक्की बसवलेली शेगडी, कपाट. तरी नोंद मिळाली ती 'व्हॅन विथ साइड विंडोज' अशी. २०१९ पासून ते गाडी बाहेरून कॅम्पर दिसते का हेही बघतात: एका बाजूला दोन खिडक्या, दोन्ही बाजूंना कॅम्परसारखे पट्टे, ऑनिंगचा (बाहेर ओढायच्या कापडी छपराचा) दांडा. आमच्या दोन खिडक्या समोरासमोर आहेत, एका बाजूला एकच. खिडक्यांची जागा ठरवण्याआधी ही यादी वाचली असती तर दोन्ही एकाच बाजूला घेतल्या असत्या. तुम्ही त्या तशा घ्या.

विमा मात्र अडला नाही. विमावाल्यांना फोटो, गॅसचं प्रमाणपत्र आणि खर्चाची यादी दिली, त्यांनी घरी केलेली कॅम्पर म्हणून पॉलिसी केली. वेगाच्या बाबतीत आम्ही मालवाहू व्हॅनचीच मर्यादा पाळतो, दुभाजक नसलेल्या रस्त्यावर ताशी ५० मैल आणि दुभाजक असलेल्या ड्युअल कॅरेजवेवर ६०.

२१ नोव्हेंबर

ज्या रात्रीची वाट बघत होते ती काल मिळाली. बाहेर शून्याखाली, समोरच्या काचेवर पांढरं जाड दंव. मुद्दाम ड्राइव्हवेवरच व्हॅनमध्ये झोपलो.

डिझेल हीटर १३० पाउंडांचा, ऑक्टोबरात बसवला. सुरुवातीला धडधडत विझायचा. इंधनाचा पंप आडवा बसवला होता, त्यात बुडबुडे अडकायचे. बाहेर जाणारं टोक वर करून तिरका लावला आणि ज्योत स्थिर झाली. त्याची धग कोरडी असते, कारण जळण्याची हवा तो बाहेरून घेतो आणि धूर बाहेर टाकतो. गॅसच्या शेगडीवर गाडी तापवायचा विचार कोणाच्या मनात असेल तर सोडा. एक किलो प्रोपेन जळून १.६ किलो पाणी तयार होतं, ते सगळं गाडीतच राहतं. विषारी वायूचा धोका वेगळाच.

झोपताना आर्द्रता ५८ टक्के. पहिल्यांदा सगळं बंद ठेवलं. पहाटे तीनला उठून बघितलं तर ८१. पुढच्या काचेवर ओघळ, आणि मागच्या दारांच्या बिजागरीपाशी, जिथे फोम पोचला नाही तिथे, पत्र्यावर थेंब. मग पंखा सर्वांत कमी वेगावर बाहेर हवा फेकायला लावला, खिडकी बोटभर उघडली, हीटर चालू ठेवला. सकाळी ६४. भिंतीचा एक प्लाय मुद्दाम स्क्रूवर ठेवला आहे, तो उघडून आत हात घातला. फोम कोरडा, मागे ओल नाही, वास नाही.

आईला फोन केला तेव्हा तिचा पहिला प्रश्न भिंतीबद्दलच होता.

आतापर्यंतचा खर्च ११,४३५ पाउंड, त्यात व्हॅन सोडून ३,९९५. या आकड्यात गाद्यांचा फोम २२०, पाण्याची टाकी आणि पंप ७०, स्क्रू-गोंद-पॉलिश पेपर वगैरे किरकोळ २६० असे वर न लिहिलेले खर्चही आले. विमा आणि अवजारं यात धरलेली नाहीत.

उरलेलं काम: बिजागरीपाशी फोमचे छोटे तुकडे, पुढच्या काचेला आतून जाड पडदा, आणि सरकत्या दाराच्या बाजूला दुसरी खिडकी. खिडकीचं काम एप्रिलमध्ये, पत्रा कोमट होईल तेव्हा.